अस्वलाची फेरी

संध्याकाळ होईपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले होते. रात्रपाळी संपवून मी थेट इथं आले होते, आणि या पार्कचं आवार असं की एका राइडपासून दुसऱ्या राइडपर्यंत जायचं म्हणजे गाव ओलांडल्यासारखं; त्यात मला ना उंच पाळण्यात बसायचं होतं, ना पाण्याच्या घसरगुंडीवरून किंचाळत खाली यायचं होतं. मला फक्त जेवायचं होतं, पार्कच्या टोकाला असलेल्या त्या श्रीमंती रिसॉर्टच्या रेस्टॉरंटमध्ये, आणि तिथलं टेबल दिवस मावळल्याशिवाय मिळत नाही. म्हणून आम्ही दिवसभर उन्हात हिंडलो. यांचा शर्ट भिजला, वाळला, परत भिजला, पण नवरा माझा असा की टाचेला फोड आला तरी आधी त्या फोडाची थट्टा करणार.

"आता तूच भरव मला," खुर्चीत अंग टाकत हे म्हणाले. "हात तोंडापर्यंत पोहोचेल असं वाटत नाही."

मग मेन्यूमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता, त्यांनी हळूच विचारलं, "तू नक्की काय करणार आहेस?"

"जेवणार आहे."

"अगं, गेलेलं माणूस काही..."

"अहो, जेवणार आहे म्हटलं ना."

माझी धाकटी बहीण या रेस्टॉरंटमध्ये अस्वल होती. रोज संध्याकाळी अस्वल टेबलाटेबलाशी जायचं, मुलांना कवटाळायचं, दोन्ही पंजे हलवायचं, लोक फोटो काढायचे. आतल्या माणसानं बोलायचं नाही आणि पाहुण्यांसमोर मुंडकं उतरवायचं नाही, काही झालं तरी नाही, हा तिथला पहिला नियम. हॉल कितीही गार असला तरी त्या जाड केसाळ पोशाखात माणूस उकडून निघायचं. आतून दिसायचं ते अस्वलाच्या उघड्या तोंडातल्या जाळीतून, तेही मान मागे टाकली तर. म्हणून कोपर धरून चालवायला एक सोबतीण असायची, आणि ती थोड्या थोड्या वेळानं अस्वलाला आत नेऊन, मुंडकं काढून, वारा घालून, पाणी पाजून परत बाहेर आणायची. त्या संध्याकाळी सोबतीण आली नव्हती. मॅनेजरनं धाकटीला स्वतः फिरवलं. ती दोनदा आतल्या दाराकडे वळली आणि दोन्ही वेळा त्यानं हसत हसत, खांद्यांना धरून तिला परत फिरवलं, हे मला नंतर तिथल्याच एका वेटरनं सांगितलं. शेवटी ती कुणाच्या तरी टेबलाशी रिकाम्या खुर्चीत बसली आणि तिनं मान टाकली. अस्वल झोपलं म्हणून लोकांना मजा वाटली, त्यांनी गळ्यात हात टाकून फोटो काढले. मॅनेजरला काय ते कळलं होतं. पण हॉल रिकामा होईपर्यंत त्यानं ते मुंडकं कुणाला काढू दिलं नाही.

चौकशीत तो वर तोंड करून म्हणाला, "त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या, तर आम्ही लगेच थांबवलं असतं." नंतर घरी फुलं घेऊन आला, आमच्या आईसमोर हात जोडून बसला, "ती आमच्या कुटुंबातलीच होती" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मी नर्स आहे. अंगात उष्णता भरलेली माणसं वेळेवर गार केली तर वाचतात, मी माझ्या हातांनी वाचवलेली आहेत. त्या दिवसापासून या माणसाचं वाटोळं व्हावं, यापलीकडे मी देवाकडे काही मागितलेलं नाही, आणि हे सांगताना मला कणभरही लाज वाटत नाही. आज भरल्या हॉलमध्ये, सगळ्यांदेखत मला त्याला एवढंच विचारायचं होतं की तिचं मुंडकं का नाही काढलंस. त्याचा चेहरा पडताना मला बघायचा होता.

दारात तोच उभा होता. काळा कोट, गुळगुळीत दाढी, साखरेत घोळलेलं बोलणं. "पहिल्यांदाच येताय का, मॅडम?" त्यानं विचारलं. त्यानं मला ओळखलं नव्हतं.

आत भलतंच गार होतं. दिवसभर भाजून आलेली माणसं आधी हुश्श करायची आणि मग पिशव्यांतून स्वेटर शोधायची. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, बर्फाचे तुकडे तरंगणारे काचेचे जग, मोठ्या खिडकीबाहेर दिवे लागलेला पाळणा सावकाश फिरत होता. शेजारच्या टेबलावर एक लहान मुलगी पावात नाक खुपसून पेंगत होती आणि तिची आई तिला उठवायचंही विसरली होती. थकलेल्या माणसांचा एक वेगळाच शांतपणा असतो, तो त्या हॉलभर पसरला होता. सूप येऊन निवायच्या आत यांची मान छातीवर आली. मी त्यांना हलवलं नाही. माझ्याही डोळ्यांवर झापड येत होती, पण रात्रपाळ्यांनी मला उघड्या डोळ्यांनी थकायला शिकवलेलं आहे.

मग अस्वल आलं. मुलं जागी झाली, टाळ्या वाजल्या, पंजे हलले. मला बघवणार नाही म्हणून मी मान वळवली होती. पण दोन टेबलं झाल्यावर काहीतरी खटकलं आणि मी परत पाहिलं. अस्वलाचं कोपर कुणी धरलेलं नव्हतं. ते एकटं फिरत होतं, आणि मान मागे न टाकता, खुर्च्यांच्या पायांतून, सांडलेल्या खेळण्यांतून, ट्रे घेऊन वळणाऱ्या वेटरांच्या मधून, कुठंही न अडखळता, अगदी घरात वावरावं तसं चालत होतं.

मॅनेजर त्याच्या मागे एक टेबल सोडून होता. जेवण कसं वाटलं, काही हवं का, असं विचारत फिरणं हे त्याचं रोजचंच काम असावं. तो रुमालानं कपाळ पुसत होता. त्या गारठ्यात एकट्या त्यालाच घाम फुटला होता, नुसता फुटला नव्हता, कॉलर ओली होऊन गळ्याला चिकटली होती. पुढच्या टेबलाशी त्यानं कोटाची बटणं काढायचा प्रयत्न केला. बोटं बटणावरून घसरत होती, जाड हातमोजे घातल्यासारखी. मग त्यानं तो नाद सोडला. अस्वल पुढे सरकलं, तोही पुढे सरकला.

मला वाटलं, जागरणानं माझं डोकं फिरलंय. मी गार पाण्यानं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं, तेव्हा त्याचा घाम थांबला होता.

ज्यांनी अशी माणसं पाहिली नाहीत त्यांना वाटेल, बरं झालं, उतार पडला. घाम थांबतो तेव्हाच खरी भीती असते. त्याचा चेहरा लालभडक आणि कोरडा झाला होता, पाय किंचित फाकून पडत होते. तो आता कुणाला काही विचारत नव्हता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं तोंड उघडलं, ओठ हलले, आणि मग त्यानं दोन्ही हात वर करून हलवले. गृहस्थ खो खो हसले. त्यांच्या बायकोनंही हात हलवला.

तो आतल्या दाराकडे वळला. अस्वलानं मागे येऊन त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला अलगद परत फिरवलं. सगळ्या हॉलला वाटलं, हा खेळच आहे. पुढच्या टेबलाशी त्यानं पुन्हा हात हलवले. फोन वर झाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं त्याच्या तोंडावरचं ते मॅनेजरी हसू मात्र जागच्या जागी होतं. तो पुन्हा दाराकडे वळला. अस्वलानं त्याला पुन्हा फिरवलं.

मी खुर्चीवरून उठले नाही. "अहो, या माणसाला खाली झोपवा, कोट काढा, बर्फ आणा," एवढं ओरडायला कितीसा वेळ लागतो? वॉर्डात तर मी एव्हाना त्याचे कपडे फाडले असते. ते शब्द माझ्या जिभेवर आले, मी ते चावले आणि पावाचा तुकडा तोंडात घातला. किती दिवसांनी मला अन्नाची चव लागत होती.

आमच्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. अस्वल येऊन माझ्या बाजूला उभं राहिलं, आणि तो समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसला, म्हणजे पडलाच. शेजारची मुलगी खुदकन हसली. यांची झोप मोडली नाही. इतक्या जवळून त्याच्या अंगाची धग मला कळत होती, ओव्हनचं दार उघडावं तशी. त्याचे डोळे भिरभिरत माझ्यावर येऊन थांबले, आणि तेव्हा त्यानं मला ओळखलं. त्याचे ओठ पुन्हा हलले. त्याला एक शब्द बोलायचा होता.

मला जे विचारायचं होतं ते आता विचारण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी मी अस्वलाकडे पाहिलं. माझ्या खांद्यावर ठेवलेला त्याचा पंजा पहाटेच्या फरशीसारखा गार होता. त्या तोंडातल्या जाळीमागे मला काही दिसलं नाही, पण मी तिकडे झुकून, यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं.

"आता बरं वाटतंय ना गं?"

अस्वलानं मान डोलावली. मग थोडा वेळ थांबून, आणखी एकदा.

टेबलाच्या मधोमध काचेचा जग होता, बर्फानं भरलेला. मानेवर, काखांत, पोटावर तो ओतला असता तर अजून वेळ होती, हे त्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं आणि बहुधा त्यालाही ठाऊक झालं होतं, कारण मी जग उचलला तसे त्याचे डोळे जगाबरोबर वर आले.

मी माझा ग्लास काठोकाठ भरला.