तेरा व्होल्ट

टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत त्यांची चौतीस वर्षं गेली. गुडघ्याएवढ्या टाक्यांच्या रांगा, आत शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल, आणि रोज एकेकीची नाडी बघत फिरणारे हे एकटे. म्हणून त्यांना सगळे वैद्य म्हणत. बायकोसुद्धा चेष्टेत तेच म्हणायची.

बायकोच्या फुप्फुसांनी आता हात टेकले होते. नाकाला नळी आणि नळीला ऑक्सिजनचं मशीन, दिवसरात्र. तिला फक्त पाच दिवस पाण्याकाठी राहायचं होतं, कारमागे ओढायच्या त्यांच्या छोट्या ट्रेलरमध्ये, जिथे दोघांपैकी एक उठला की दुसऱ्याला पाय वर घ्यावे लागत. डॉक्टरांनी आढेवेढे घेत परवानगी दिली, पण बजावलं की मशीन बंद पडता कामा नये. एकदा का ती खालावली की वॉर्डात यावं लागेल, आणि मग तिथून बाहेर पडणं नाही.

तळ्याकाठी वीज नव्हती. म्हणून मुलीने ट्रेलरला नवी लिथियमची बॅटरी बसवून दिली, वजनाला जुनीच्या निम्मी. शेजारी एक गोल मीटर लावलं, त्यावर किती टक्के उरले ते दिसायचं. रोज दोन तास कारचं इंजिन चालू ठेवून बॅटरी भरून घ्यायची, असंही तिने दोनदा सांगितलं.

"बाबा, हिच्यात व्होल्टवर जाऊ नका. शेवटपर्यंत आकडा जवळपास तोच दाखवते आणि एकदम बसते."

वैद्यांनी मान डोलावली. पोरीला आपणच चालायला शिकवलं, आणि आता ती आपल्याला बॅटरी शिकवतेय, याचं त्यांना कौतुकच वाटलं.

पहिल्या दिवशी ऊन होतं. छतावरच्या सोलर पत्र्याने थोडीफार भर घातली. वैद्य दर तीन तासांनी आपलं जुनं मीटर काढून व्होल्ट मोजत आणि वहीत लिहीत. तेरा पूर्णांक तीन. तेरा पूर्णांक दोन. त्यांच्या शिशाच्या हिशेबाने पावणेतेराला बॅटरी भरलेली, म्हणजे ही तर भरून वर सांडत होती. त्यांनी बायकोसाठी पंखा लावला. संध्याकाळी ते इंजिन चालू करायला उठले, तर ती म्हणाली, जाऊ द्या ना, किती शांत आहे. त्यांनी वही बघितली आणि किल्ली परत खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी ढग आले ते हललेच नाहीत. तरी आकडा तेराच्या घरात. इंजिन त्यांनी त्याही दिवशी लावलं नाही. दोघं दारात खुर्च्या टाकून बसली. खूप दिवसांनी ती सलग चार वाक्यं बोलली, शेजारणीची नक्कल केली, आणि धाप लागल्यावर स्वतःलाच हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला आकडा आला बारा पूर्णांक आठ. गोल मीटर मात्र अकरा टक्के दाखवत होतं. वैद्यांना हसू आलं. लेकीने तारा उलटसुलट जोडल्या असणार, घरी गेल्यावर समजावून सांगू. टक्के म्हणजे शेवटी कुणीतरी केलेला हिशेब, व्होल्ट म्हणजे प्रत्यक्ष बॅटरीच्या तोंडचा शब्द.

अकराच्या सुमाराला पंखा थांबला. मशीन एकदा किंचाळलं आणि आपल्या पोटातल्या छोट्या बॅटरीवर गेलं. ती जुनी झालेली, जेमतेम दहा मिनिटं टिकायची. वैद्य घाबरले नाहीत. भरलेली बॅटरी आहे म्हणजे बिघाड वाटेत कुठेतरी असणार, फ्यूज नाहीतर तार. दहा मिनिटं त्यांना पुष्कळ होती. फ्यूज चांगला निघाला. तारांचे सांधे घट्ट होते. मग त्यांनी बॅटरीच्याच टोकांना मीटर लावलं, आणि आकडा शून्य.

शिशाची बॅटरी कितीही मेली तरी शून्य दाखवत नाही. दोन तासांपूर्वी पावणेतेराच्या वर असलेली तर नाहीच नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. म्हणजे मीटरच बिघडलं. ते गुडघ्यांवर बसून मीटरचं मागचं झाकण उघडू लागले.

"अहो," ती बाकावरून म्हणाली, "मी गाडीत बसू का? तिथे लागेल ना मशीन?"

"थांब गं, दोन मिनिटं. सापडलंच."

त्यांनी मीटरचा सेल बदलला, मीटर कारच्या बॅटरीवर लावून बघितलं. बरोबर होतं. परत आत येऊन या बॅटरीला लावलं. शून्य. तेव्हा कुठे त्यांना मुलीचं वाक्य आठवलं, एकदम बसते. या बॅटरीला पार रिकामी व्हायला आली की स्वतःला कुलूप लावून घ्यायची सोय असते, मग ती शून्यच दाखवते, हेही तिने सांगितलं होतं. त्यांनी वर बघितलं तेव्हा मशीन गप्प होतं. किती वेळापासून, ते त्यांना कळलं नव्हतं. तिचे ओठ निळे पडले होते आणि मान बाकाच्या कडेला कलली होती.

तिला उचलून कारपर्यंत नेताना ती किती हलकी झालीय हे त्यांना पहिल्यांदा कळलं. इंजिन चालू केलं, मशीनची वायर सिगारेटच्या सॉकेटमध्ये घातली. ट्रेलर तिथेच सोडून ते निघाले. पंधरा मिनिटांनी तिने डोळे उघडले, पण शब्द नीट जुळत नव्हते.

वॉर्डातल्या सिस्टरने विचारलं, ऑक्सिजन किती वेळ बंद होता. वैद्यांना सांगता येईना. बाकी सगळं वेळेसकट लिहिलेली वही त्यांच्या खिशात होती. डॉक्टरांनी कागद चाळले आणि मुलीला बोलावून घ्या म्हणाले. घरी पाठवायचं नाव कुणी काढलं नाही.

संध्याकाळी तिने मास्कच्या आतून त्यांना जवळ बोलावलं. कान तोंडापाशी नेल्यावर कळलं.

"तुम्ही बघत होतात ना?"

"हो. दर तीन तासांनी."

"मग तुमचा काय दोष," ती म्हणाली आणि त्यांचा हात थोपटत राहिली. तिला खरं सांगायला वैद्यांनी तोंड उघडलं, पण ती डोळे मिटून थोपटतच होती, आणि त्यांच्याने तो हात बाजूला करवेना.