दोन शिटांची गाडी

पोतं अंथरून लडकू गाडीखाली शिरू पाहत होता, तो पोटाशी येऊन अडकला. आपल्या जुन्या जीपखाली तो दुपारचा डबा खाऊन वर झोपही काढायचा. ही लाल गाडी म्हणजे जमिनीला पोट लावून पडलेली घोरपडच. शेवटी श्वास रोखून, एक खांदा आधी घालून तो कसाबसा आत गेला. बाहेर उरले त्याचे दोन पाय, आणि त्या पायांशी बोलणारे गाडीचे मालक जगदीशराव.

"खाली कुठे गंज नाही, बघून घ्या," जगदीशराव म्हणाले. "पण गाडी भरपूर चाललेली आहे. ते मी लपवत नाही. एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार किलोमीटर."

"येवढीच?" खालून आवाज आला.

जगदीशरावांनी वाकून त्या पायांकडे बघितलं. हा आकडा ऐकून आधीची तीन गिऱ्हाइकं चहाही न घेता फाटकाबाहेर पडली होती. पण लडकूच्या जीपने सहा लाख ओलांडल्यावर मीटरनेच मान टाकली होती, आणि त्यानंतरही ती आठ वर्षं मुरबाड-कल्याण धावत होती. त्याच्या हिशेबाने ही गाडी म्हणजे नुकती दहावी पास झालेली पोर.

तीस वर्षं लडकूने जीप मारली. शिटा भरायच्या, कल्याणला उतरवायच्या, पुन्हा भरायच्या. जीपवाल्यांच्या बोलीत माणूस म्हणजे शीट. पोरगं अर्धी शीट, कोंबड्यांची डालगी टपावर. गेल्या दिवाळीत जीप भंगारात गेली तेव्हा कल्याणला नोकरी करणारा मुलगा जीवन म्हणाला, "बाबा, आता सात सीटर घ्या. घरच्यांना होईल."

घरच्यांना! लडकूला चांगलं माहीत होतं त्याचा अर्थ काय होतो ते. गावात गाडी एकाची नसते, आळीची असते. कुणाचं लग्न, कुणाचं दहावं, कुणाची बाळंतीण. नाही म्हणायची सोय नाही. सात सीटर म्हणजे पुन्हा जीपच की! त्याला आता दोनच शिटा हव्या होत्या. एक त्याची, एक बायकोची, रत्नाची.

तशी हौसही होतीच. माळशेजच्या रस्त्याला शनिवार-रविवारी असल्या बुटक्या गाड्या त्याच्या भरलेल्या जीपला ओलांडून सुसाट जायच्या, आणि तो मनात म्हणायचा, आयला, एकदा तरी. पण खरी गोष्ट वेगळी होती. अख्खा तालुका त्याच्या गाडीतून फिरला, आणि पहिली काही वर्षं सोडली तर त्याची बायको तेवढी राहिली. म्हसा गावची जत्रा म्हणा, पाहुण्यांकडचं लग्न म्हणा, रत्नाचं उत्तर ठरलेलं. "मना नाय आवडत फिरायला. तुमी जा." आता पोरं आपापल्या वाटेला लागली, घरात दोघंच, आणि दोघांत बोलायला भाताचा भाव आणि शेजारणीची म्हैस यांपलीकडे काही उरलं नव्हतं. लडकूने मनाशी ठरवून टाकलं होतं. आज रत्ना या गाडीत बसली आणि बरी हाय म्हणाली, तर गाडी घ्यायची. नाही म्हणाली तर मग कसली गाडी आणि कसलं काय, आपली यष्टी आहेच.

गाडीखालून निघून अंगावरची माती झटकत त्याने रत्नाकडे बघितलं. ती बंगल्याच्या पायरीवर पदर तोंडाला लावून बसली होती. सरळगावाहून सापगावापर्यंत दोन गाड्या बदलून ते आले, तेवढ्या वाटेत ही एक शब्द बोलली नव्हती. इथे आल्यावर पाणी मागितलं, चहाला मान हलवली. फुगलीय, लडकूने ताडलं. न सांगता गाडी बघायला आणलं म्हणून फुगलीय.

जगदीशरावांनी दोन्ही दारं उघडली. चालवणाऱ्याच्या सीटचं कातडं कडेने फाटून आतला स्पंज दिसत होता. शेजारची सीट मात्र कोरी करकरीत.

"ही नवीन टाकली काय?" लडकूने विचारलं.

"नाही. तिच्यावर फारसं कोणी बसलंच नाही," जगदीशराव म्हणाले आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. "जा, किन्हवलीपर्यंत फिरवून आणा. मी आहे घरीच."

लडकू पायरीपाशी गेला.

"रत्ना, चल गो. एक फेरी."

"तुमीच जा. मी हय बसतंय."

"एकच फेरी. नाय आवडली तर पुन्हा नाव काढनार नाय."

ती जरा वेळ गाडीकडे बघत राहिली. मग विचारलं, "काच पुरी खाली होते का?"

"होते की."

"आनि मी फुडं बसायचं?"

"अगो, मागं काय हायच नाय! बसशील कुठं, डिकीत?"

रत्ना उठली. त्या ठेंगण्या सीटवर आधी पाठ टेकवावी की पाय घालावा हे कळेना, तेव्हा बाजेवर बसतात तशी ती बसली आणि मग एकेक पाय आत घेतला. पदर अजून तोंडालाच होता.

फाटकाबाहेरच्या गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं. लडकूने जीभ चावली. पुढच्या गतिरोधकाला त्याने गाडी तिरकी करून एकेक चाक उतरवलं, अगदी अंडी भरलेली पाटी उतरवावी तशी. नदीवरचा पूल ओलांडला आणि रस्ता मोकळा झाला. त्याने गाडी जरा दाबली. बसल्या जागी पाठीला कुणीतरी मागून ढकललं, आणि लडकू अठ्ठावन्न वर्षांचा असूनही मोठ्याने हसला.

"वाल उगवलाय बघा."

त्याला वाटलं, भास झाला. रत्ना खिडकीवर हात टेकून बाहेर बघत होती. भातं कापून मोकळ्या झालेल्या शेतात वालाची हिरवी पानं दिसत होती.

"आपला अजून दोन पानांवर हाय," ती म्हणाली. "हितली जमीन ओल धरते. आनि ती बघा, बाई मळणी काढतेय ती, लुगडं कसं नेसलेय जुन्या पद्धतीचं. माझी आय तसंच नेसायची."

मग ती बोलतच राहिली. किन्हवली यायच्या आत तिने आईच्या लुगड्यांचं सांगितलं, भावाच्या पहिल्या बैलजोडीचं सांगितलं, कुठल्याशा जांभळीवरून पडून आपला हात मोडल्याचं सांगितलं, जे लडकूने तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. पदर कधीचा मांडीवर पडला होता. लडकूने आपोआप वेग कमी केला. मागून एक टेंपो हॉर्न देत पुढे निघून गेला आणि त्याच्या ड्रायव्हरने एवढी गाडी असून हा म्हातारा रखडतोय काय म्हणून वळून बघितलं. बघू दे.

"आज बरी बोलतेस," लडकू म्हणाला. "जीपमदी कवा शब्द नाय काढलास."

"जीपमदी कशी बोलनार? उलटी झाली असती."

"कुनाला?"

"मना. कुनाला म्हंजे? मना गाडी लागते."

लडकूने गाडी बाजूला घेतली. एका बाभळीखाली उभी केली. इंजिन बंद केलं.

कुणाला गाडी लागणार हे तो तोंडाकडे बघून सांगायचा. ओठ पांढरे पडायला लागले, गिळणं वाढलं, की पुढे घ्यायचा, खिडकी द्यायचा. तीस वर्षांत जीपमध्ये कुणी उलटी केली नाही, हा त्याचा मोठेपणा होता. त्याची थोरली बहीण बाईजा नवरा गेल्यावर माहेरी आली, आता आळीत वेगळी राहायची, तिला तर घाटाच्या नावानेच मळमळायचं. पुढची खिडकी कायमची तिची. रत्ना मागे, आडव्या बाकावर, पोरांना मांडीवर घेऊन. मागची माणसं आरशात दिसायची, पण रत्नाचं तोंड त्याला कधी दिसलंच नव्हतं. दिसेल कसं? ती तोंडावर पदर घेऊन बसायची, आणि त्याला वाटायचं, मर्यादा पाळते.

"मग सांगायचं नाय?" तो म्हणाला. आवाज चढला होता, आणि आपण कुणावर चिडलोय हे त्यालाच कळत नव्हतं.

"कसं सांगनार? वन्संना लागायची. मी नवी नवरी. मी म्हटलं असतं, मना पन लागते, तर काय म्हटलं असतं घरात? नणंदेची बरोबरी करते म्हटलं असतं." ती जरा हसली. "मंग राहून गेलं. मंग सवय झाली. जायचं नाय म्हटलं की झालं."

लडकूला एकदम ते आठवलं. तिची आई आजारी होती तेव्हाचं. टोकावड्याहून निरोप आला, आणि दाराशी जीप उभी असताना ही पहाटे उठून पाच कोस चालत माहेरी गेली. गावात त्याची छी थू झाली. जीपवाल्याची बायको पायी जाते! तो संतापला होता. ती परत आल्यावर आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. आई गेली होती तिची, आणि हा बोलला नव्हता.

"तवा चालत गेलीस, ती त्यापायी?"

रत्नाने मान हलवली. "आयच्या दारात ओकत उतरायचं, ते बरं दिसलं नसतं."

लडकूने स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. माफी मागायची त्याला सवय नव्हती, आणि तिला ती ऐकायची.

तेवढ्यात फोन वाजला. बाईजाच होती. तिला फोनवर ओरडूनच बोलायची खोड, त्यामुळे शब्दन् शब्द गाडीभर ऐकू आला.

"लडकू रे! गाडी बघाया गेलास म्हनं? जीवन बोलला. फुडची शीट बघून घे आधी, खिडकी मोठी पायजे. मना मागं चालत नाय, ठाव हाय ना?"

"मागं शीटच नाय, बाय. दोनच शिटा हायत."

"असू दे की. दोन म्हंजे तू नि मी."

रत्ना हाताने खुणावत होती. हो म्हणा, जाऊ दे, हो म्हणा. तोंडावर तेच हसू, जे लडकूने तीस वर्षं पाहिलं होतं आणि ज्याला तो समजूतदारपणा समजत आला होता.

"फुडं रत्ना बसंल, बाय," लडकू म्हणाला. "तिला गाडी लागते."

मग बाईजा म्हणाली, "हिला? हिला कवापासून लागाया लागली?"

रत्नाने मान खाली घातली.

"लग्न झाल्यापासून," लडकू म्हणाला. "मना आज कळलं."

पलीकडून फोन बंद झाला. लडकूने तो खिशात ठेवला.

"रागावल्या?" रत्नाने विचारलं.

"रागावू दे."

"तसं नगा करू. त्यांना खरंच लागते हो." ती म्हणाली. "मंगळवारी त्यांना दवाखान्यात न्यायचंय. या गाडीनं न्या. त्या दिवशी मी घरी राहीन."

"आनि बाकीच्या दिवशी?"

रत्नाने वाकून सीटखाली हात घातला, चाचपून कडी शोधली, आणि दोन हिसक्यांत सीट आपल्या मापाने पुढे ओढून घेतली.

"बाकीच्या दिवशी मी," ती म्हणाली.