आणखी दोन दिवे

"हे तुम्हाला कुणालाही पटणार नाही," काकांनी पिकअपच्या बॉनेटवर थाप मारली, "पण परवा संध्याकाळी हे छपरावरचे दिवे लावले आणि सूर्यफुलांच्या अख्ख्या शेतानं माझ्याकडे मान वळवली."

मिस्त्री गाडीखाली उताणा पडला होता. त्याचे फक्त पाय बाहेर होते, आणि ते पायच आधी हसले.

"मग सूर्य काय म्हणाला, काका?"

"राजीनामा घेऊन आला होता. म्हटलं, असा खचू नकोस. दिवसपाळी तू कर, पुढचं मी बघतो."

गॅरेजात हशा पिकला. वेल्डरनं तोंडासमोरची काच वर सरकवून गाडी पुन्हा एकदा डोळे भरून पाहिली. तशी ती पाहण्यासारखीच होती. छपरावर दिव्यांची लांब पट्टी, बंपरवर धुक्यासाठी पिवळे दिवे, त्यांच्या खाली पांढरे, चारही कोपऱ्यांना कुणी जवळ आलं की पीं पीं करणारे सेन्सर, मागे कॅमेरा, आणि दोन्ही अंगांना मालट्रकचे आरसे, हत्तीच्या कानांसारखे. ओळखीपाळखीचे लोक याला म्हातारचळ म्हणत. काकांनी तो शब्द ऐकला होता आणि मोठ्या आनंदानं पत्करला होता. हौशी म्हातारा म्हणवून घेण्यात एक सोय असते. पुढचं कुणी विचारत नाही.

भिंतीशी कुठल्याशा मोडीत गेलेल्या मोटारीची सीट टेकवून ठेवली होती. तिच्यावर काकी मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. सूर्यफुलांची गोष्ट त्यांनी सकाळीच काचेच्या दुकानात ऐकली होती. तेव्हा राजीनामा नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात सांगितलं होतं, की काकांची नजर कडेकडून मिटत चालली आहे. गेली ती परत यायची नाही. आहे ती औषधाच्या थेंबांनी टिकली तर टिकेल. "गाडी मात्र आता बंद," डॉक्टर म्हणाले, आणि काका "बरं" म्हणाले. मग दवाखान्याबाहेर येऊन ते घरी जायच्या ऐवजी सरळ या गॅरेजात आले. "मिस्त्री, उजेड कमी पडतोय रे," एवढंच बोलले. त्या दिवशी पिवळे दिवे बसले. पुढे जसजसं दिसणं उणं होत गेलं, तसतसे गाडीला नवेनवे अवयव फुटत गेले.

तेव्हापासून काकीही शेजारी बसू लागल्या. काचेच्या दुकानाचा माल पोचवायचं काम होतं, खिडक्यांची तावदानं आणि मोठमोठे आरसे. दुकानदार चेष्टा करी, "काय काकी, नवऱ्यावर पहारा का?" काकी म्हणत, "घरात एकटीला करमत नाही." केबिनमध्ये त्यांच्या तोंडाला खळ नसे. ती बघा, डावीकडे हातगाडी. दिसली. पुढे केवढा मोठा खड्डा पडलाय. दिसला गं. काकांना सगळं दिसे, फक्त काकींनी सांगून झाल्यावर.

एकदा काकींनी गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. काका रागावले नाहीत, शोधाशोधही केली नाही. नुसते जाऊन उभ्या गाडीत बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. जेवायला हाक मारली तरी खाली उतरेनात. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी काकींनीच किल्ली काढली, पदराला पुसली आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिली.

आज आरशांखाली आणखी दोन दिवे बसवायचे होते, रस्त्याच्या कडांवर उजेड पाडणारे. मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि वायर दातांत धरून सोलू लागला.

शाळेचा बसवाला इतका वेळ आपल्या बसच्या उघड्या इंजिनाकडे सुतकी चेहऱ्यानं बघत उभा होता. तो आता पिकअपपाशी आला.

"काका, एक काम कराल? माझी बस काही इतक्यात उठत नाही. शाळेच्या बाई माझ्या डोक्यावर मिरी वाटताहेत. तोवर मुलांची फेरी तुम्ही मारा ना. सकाळ-संध्याकाळ."

"मी?"

"तुम्हीच. तुमच्याइतके दिवे तर रुग्णवाहिकेलाही नसतात. आईबाप गाडी बघूनच निर्धास्त होतील."

"मागं बाक टाकून देतो मी," वेल्डर म्हणाला. "समोरासमोर. वर ताडपत्री."

काका गाडीच्या मागच्या बाजूला गेले. एका हातानं फळीची कड चाचपत चालले. बघणाऱ्याला वाटावं, माप घेताहेत.

"बाकांना पाठ पाहिजे," ते म्हणाले. "आणि आतून दांडी, धरायला. पोरांची जात चुळबुळी. फळीलाही आतून रबर लाव, डोकं आपटलं तर लागायला नको."

त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांनी अशी तरतरी आली होती. काकींनी पिशवीचे बंद मुठीत आवळले.

"अहो, आपला काचेचा माल असतो ना रोजचा."

"तो आता दुपारी नेत जाऊ. ही फेरी सकाळ-संध्याकाळ."

"संध्याकाळी दमता तुम्ही."

"मुलांना न्यायला कुणी दमतं का? काहीतरीच तुझं."

"मग ठरलं," बसवाला खुशीत म्हणाला. "फक्त ते शेवटचं वळण जपून घ्या हं. दोन्हीकडून झाडी आहे, तिथं अंधारून लवकर येतं."

"ते वळण तू मला सांगतोस?" काका सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. मिस्त्रीनं वायर सोलायची थांबवली. वेल्डर पिंपावर बसला. "कालचीच गोष्ट ऐक. हेही पटायचं नाही तुम्हाला. दिवस मावळतोय. त्याच वळणावर मी येतोय, मागं काचा उभ्या, एकमेकींना खेटून. आणि फर्लांगभर लांबून मला दिसलं, झाडीमागं हरीण आहे. नुसतं हरीण नाही, त्याच्या मनातलं दिसलं. म्हटलं, हे आता उडी मारणार. ब्रेकवर असा पाय दिला, असा दिला, की गाडी नाकावर उभी राहिली! मागची चाकं हवेत!"

"आणि काचा?" मिस्त्रीनं विचारलं.

"काचा एकमेकींना म्हणाल्या, बायांनो, श्वास रोखून धरा. एकीला ओरखडा नाही. आणि हरीण हे असं," काकांचा हात बॉनेटवरून कमान करत वर गेला, "वरच्या वर पलीकडे. उतरलं, वळलं, मला मान लववली आणि मग गेलं. पापण्या मोजल्या मी त्याच्या. विचारा हिला, शेजारीच होती."

सगळे काकींकडे वळले. काकांच्या गोष्टीवर शेवटचा शिक्का मारायचं काम त्यांचं असे. "हो, खरंच हो," असं त्या म्हणत आणि मग दुसऱ्यांदा हशा पिके.

"बोला काकी," बसवाला आधीच हसू लागला होता. "किती पापण्या भरल्या?"

काकींनी पिशवी मांडीवरून उचलून बाजूला ठेवली.

"हरीण नव्हतं ते."

काकांचा हात अजून हवेतच होता, उडीच्या ऐन उंचीवर.

"अगं, तूच तर म्हणालीस..."

"मीच म्हणाले. तुम्ही विचारलंत, काय होतं गं, तर माझ्या तोंडातून हरीण निघालं." काकी बसवाल्याकडे बघत नव्हत्या, मिस्त्रीकडेही नाही. "मुलगी होती. सायकलवर, पाठीला दप्तर. पडली, उठली, सायकल ओढत गेली. मी ओरडले म्हणून तुम्ही थांबलात. आणि अहो, मलासुद्धा ती उशिराच दिसली."