तुळशीशेजारचा खांब

मित्रांनो, मी एक जुना चिनी मंडप आहे. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत, चार इमारतींच्या मधल्या बागेत उभा आहे. किती दिवस उभा राहीन ते सांगता यायचं नाही, म्हणून आजच बोलून घेतो.

चीनमधल्या एका ओल्या, डोंगराळ गावात माझे सहा खांब तासले गेले. माझ्यात एकही खिळा नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते, आणि असे शेकडो सांधे एकमेकांना धरून राहतात. वर हिरव्या कौलांचं जड छप्पर आहे. त्याचे कोपरे पंखांसारखे उचललेले, पावसाचं पाणी खांबांपासून लांब फेकायला. म्हाताऱ्या सुतारानं प्रत्येक खांबाखाली एक गोल दगड ठेवला होता. लाकडानं मातीला शिवायचं नाही, हा त्याचा नियम.

सुटा होऊन मी बोटीनं इथं आलो आणि पुन्हा जोडला गेलो. लोक कौतुकानं फोटो काढत. मग कुणीतरी बागेत नव्या फरश्या बसवल्या, जमीन वीतभर उंच झाली आणि माझे दगड गाडले गेले. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे पुण्याच्या अनुराधाताई इथं राहायला आल्या. त्यांच्या घरात सकाळचं ऊन यायचं नाही, म्हणून तुळशीची कुंडी त्यांनी माझ्या पूर्वेच्या खांबाला लागून ठेवली. रोज आंघोळ करून तांब्याभर पाणी, हळदकुंकू, प्रदक्षिणा. जाताना माझ्या खांबालाही हात लावून नमस्कार. इतक्या मायेनं मला कुणी शिवलं नव्हतं.

"तुळशीला चिनी सासर मिळालं की गं," शेजारच्या मुग्धाताई हसायच्या आणि आपलाही तांब्या ओतायच्या.

ते पाणी फरशीखाली साचायचं आणि माझ्या लाकडात चढायचं. दोन वर्षं असं चाललं. मग त्या ओलीवर वाळवी आली. ती आतून खाते आणि बाहेरचा लाल रंग तसाच ठेवते.

देखभालीच्या खैरुद्दीनला ते कळलं. त्यानं खांबावर बोटानं टकटक केली, पोकळ आवाज ऐकला आणि साहेबांना फोन लावला.

"पुट्टी भर, रंग मार. यल्ला, चल लवकर, खलास," साहेब म्हणाले.

कार्तिकात तुळशीच्या लग्नाला चाळीस माणसं येणार होती. ताज्या रंगाकडे बघून अनुराधाताईंनी विचारलं, "खैरुद्दीनभाई, पक्का हो गया ना?"

"ऊपर से तो पक्का है, दीदी." तो खाली बघत होता.

लग्नाच्या संध्याकाळी सगळे माझ्या छपराखाली दाटीनं उभे होते. अंतरपाट धरला गेला. अनुराधाताईंची शुभ्रा खांबाला टेकली आणि तिचं बोट आत गेलं.

"आई, इट्स सॉफ्ट."

अनुराधाताईंनी हात लावला. रंगाचा पापुद्रा सुटला आणि ओला भुसा, पांढरे किडे तळहातावर आले.

"सगळे बाहेर व्हा," त्या हळूच म्हणाल्या.

"अगं, मुहूर्त टळेल," मुग्धाताई म्हणाल्या.

"टळू दे. याच्या मुळाशी रोज पाणी मीच घातलंय."

कुंडी त्यांनी स्वतः उचलली. लग्न उघड्यावर लागलं.

मी त्या संध्याकाळी पडलो नाही, आणि तेच वाईट झालं. उगाच घाबरवलं, असं लोक म्हणू लागले. अनुराधाताईंनी तक्रार केली, तर देखभालीच्या ऑफिसातून उत्तर आलं, "नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला." कुणी आत येऊ नये म्हणून त्यांनी माझ्याभोवती दोरी बांधली, ती वाऱ्यानं सुटली. तेव्हापासून त्या रोज दुपारी स्वतः येतात आणि बसलेल्यांना हात जोडून उठवतात.

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला काय सोसत नाही, ते आधी जाणून घ्या. रंग बघून विसंबू नका. काल माझ्या तुळईचा सांधा बोटभर उघडला. आज एकादशी, अनुराधाताई बर दुबई भागातल्या देवळात गेल्यात. आणि आत्ता माझ्या सावलीत चौघं डबे उघडून बसलेत. त्यातला एक जण पूर्वेच्या खांबाला पाठ टेकतोय.