वन्संचा होकार

लेसिएलीने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, "तुझ्या बहिणीसमोर धोक्याचा शब्द काढायचा नाही हं!"

टोंगात भावाच्या लेकरावर आत्याचा शब्द शेवटचा. मग आईने कितीही आकांत केला तरी. त्यातून या कालोलाइने वन्संचा स्वतःचा मुलगा ऑपरेशनच्या टेबलावरच गेलेला. त्या नको म्हणाल्या की संपलंच! इकडे लेसिएलीच्या तान्ह्या फोलाउचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला, पोराला आईच्या अंगावर पिताही येत नव्हतं. असे ओठ शिवायला आलेलं बाहेरच्या डॉक्टरांचं पथक उद्या परत जाणार होतं.

वन्सं दवाखान्यात आल्या त्या कमरेला मानाची चटई गुंडाळून. नवरा रिवाजाप्रमाणे बहिणीपासून लांब, दाराशी थांबला. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना वन्संनी थेट विचारलं, "पोर जागं होईल ना?"

हो म्हणा, हो म्हणा, लेसिएली डोळ्यांनी विनवत होती. पण त्या बाई कसल्या ऐकतात!

"होईल असं वाटतं. वजन चांगलं आहे, सर्दी नाही, रक्त पुरेसं आहे. पोट रिकामं आहे, म्हणजे उलटी होऊन श्वासात अडकायची भीती कमी. मी उशाशीच बसणार आहे, श्वासावर नजर ठेवून. तरी एखाद्याचा श्वास अडतो, एखाद्याचा टाका उसवतो. आणि फार क्वचित, एखादं उठत नाही. नक्की उठेल असं वचन मी देणार नाही."

झालं! सगळं मुसळ केरात. लेसिएलीला त्या बाईचा असा संताप आला!

वन्सं फोलाउजवळ येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी सांगितलं होतं, काही होत नाही हो. म्हणून मी दारातूनच हात हलवला आणि रताळी उकडायला घरी गेले." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "तुम्ही खरं बोललात. तुमच्या हाती देते."

लेसिएलीला रडू फुटलं.

"आणि ऐक गं. काही विपरीत झालं तर गावाला सांगायचं, आत्याने दिलं. तुला कुणी बोललं तर माझ्याशी गाठ आहे. आता रडतेस काय, वेडे? त्याच्याकडे बघ! मी पाहिलं नव्हतं माझ्या पोराकडे. तू पोटभर बघ, मग दे."

फोलाउ त्या फाटक्या ओठाने हसत होता. जागा झाला तरी ओठ शिवलेला असणार, हे हसू पुन्हा दिसणार नव्हतं. नर्सने हात पुढे केले, तरी लेसिएलीचे हात काही सुटेनात.