अब्बांच्या हौदाचं पाणी

राघवेंद्र सरांचा मला भयंकर राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. शनिवार-रविवार लातूरला क्लासेस, सोमवारी नांदेडला येऊन माझ्या पीएचडीच्या कागदांवर सही. त्यांच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं घासली मी. कार्बनच्या नॅनोनळ्या आम्लात उकळायच्या, धुवायच्या, वाळवायच्या. ती काळी भुकटी चिमूटभर लाल पाण्यात टाकली, की रंग तिला चिकटतो. अठ्ठ्याण्णव टक्के रंग निघाला त्या दिवशी मी धावत घरी गेले.

साड्या-ओढण्या रंगवणं हे आमचं पिढीजात काम. अब्बांचं लाल पाणी नालीतून मुरत शेजारच्या प्रेमलाबाईंच्या बोअरमध्ये उतरलं होतं. बाईंनी तक्रार केली, काम बंद करण्याची नोटीस आली. अब्बा त्यांना म्हणाले, "हाव बाई, चुकलंच. पण आमच्या पोरीनं, तूबानं, भुकटी काढली हाय. तिची परीक्षा होऊ द्या, मंग हेच पाणी पिऊन दावतो." परीक्षा होईपर्यंत बाईंनी तक्रार पुढं रेटली नाही.

तोंडी परीक्षेला आठ दिवस उरले असताना मी अब्बांच्या हौदातलं पाणी प्रयोगशाळेत नेलं. रंग निघाला फक्त एकतीस टक्के! तीनदा मोजलं. मग डोक्यात प्रकाश पडला. रंग कापडात बसावा म्हणून अब्बा हौदात मुठीमुठीनं मीठ टाकतात, वर धुण्याचा साबण; ते असलं की रंग भुकटीला धड चिकटत नाही. मी मात्र तीन वर्षं डिस्टिल्ड पाण्यात रंग कालवत बसले. रंगाऱ्याची पोर आणि मीठ विसरले! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

सर म्हणाले, "प्रश्नात मीठ दिलेलं नाही, तर उत्तरात कशाला? प्रबंध परीक्षकांकडे गेलाय. गप्प बस."

बसलेही असते. पण परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "खऱ्या सांडपाण्यातून किती रंग निघतो?" सर पटकन म्हणाले, "तितकाच, अठ्ठ्याण्णव." मागच्या बाकावर अब्बा प्रेमलाबाईंना घेऊन बसले होते. त्यांनी बाईंकडे इतक्या अभिमानानं पाहिलं, की माझं डोकंच फिरलं.

"सर खोटं बोलतायत," मी म्हणाले. "एकतीस."

परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. सर माझ्याकडे न बघता निघून गेले. जिन्यात मी सरांना, विद्यापीठाला, लातूरच्या क्लासेसना तोंडाला येईल ते बोलत सुटले. अब्बा प्रेमलाबाईंना म्हणाले, "बाई, उद्यापासनं काम बंद." मग माझ्याकडे वळले.

"तीन साल झाले, बेटा. एकदा तरी मला इचारायचं होतंस."