मयताला समन्स

गुन्हेगाराला देशांच्या सीमा आडव्या येत नाहीत, तशा त्या न्यायालाही येता कामा नयेत. दोन देशांच्या कराराच्या पहिल्याच पानावर असं लिहिलेलं होतं आणि खाली दोन मंत्र्यांच्या सह्या होत्या. त्या कराराप्रमाणे आखातातल्या एका कोर्टानं भैरूला काढलेलं समन्स समुद्र ओलांडून तीन दिवसांत दिल्लीत आलं. दिल्लीहून कळंबोलीला यायला त्याला सव्वा वर्ष लागलं.

ते घेऊन हवालदार उदयसिंह रंजिताच्या दारात उभा राहिला.

"भैरू शेलार कुठंयत?"

"वारले. येत्या फाल्गुनात दोन वर्षं होतील."

त्यानं फॉर्मवर नजर फिरवली. "सध्याचा पत्ता?"

"स्मशान. लोखंड बाजाराच्या पल्याडचं."

"सेक्टर?"

रंजितानं त्याला आत बसवलं, पाणी दिलं. भैरू, तिचा नवरा, तिकडे जहाजांच्या गोदीत वेल्डर होता. मुकादमानं सळईनं त्याचं डोकं फोडलं. भैरूनं फिर्याद दिली, टाके घालून घरी आला आणि चार महिन्यांनी जेवता जेवता कोसळला. डॉक्टरांनी 'जुन्या माराने मेंदूत रक्तस्राव' असं लिहून दिलं. तो कागद तिनं देव्हाऱ्यात जपला होता. तिकडच्या कोर्टाच्या लेखी मुकादम अजून नुसत्या मारहाणीचा आरोपी होता. हा कागद तिथं पोचला की तो खुनी ठरणार होता.

"मेले म्हणून लिवा साहेब. मारानं मेले."

"वहिनी, इथं रकाने चारच. समन्स घेतलं, नाकारलं, घर बंद, पत्ता बदलला. मेलेला माणूस कुठं बसवू?"

"बसवा कुठंबी. जित्तेपणी तरी कुणी बसू दिलं त्यास्नी?"

"मग वेगळा अहवाल करावा लागंल. मृत्यूचा दाखला, डॉक्टरचा कागद, सगळं तिकडच्या भाषेत पायजे. आणा, मी पाठवतो. तुमी आमच्या पाटणच्या, म्हणून हां."

उदयसिंह भला माणूस होता. त्यानं 'पत्ता बदलला'वर खूण केली आणि पुढे कंसात 'कायमचा' असं लिहिलं.

रंजिता वाशीला हुदा मॅडमकडे गेली. अरबी कागदांचे तर्जुमे त्या करायच्या. खटल्याचा नंबर हवा म्हणून त्यांनी उदयसिंहानं तिच्यापाशी ठेवलेलं समन्सही मागून घेतलं. ते आजवर कुणी वाचलंच नव्हतं. वरच्या इंग्रजी पत्रात 'तपशील सोबतच्या कागदात पाहावा' एवढंच होतं आणि अकरा कचेऱ्यांनी त्याखाली 'पाहिले'चे शिक्के मारले होते.

"फिर्यादी नेमल्या दिवशी हजर राहिला नाही," हुदा मॅडम ओळीवर बोट ठेवून सांगू लागल्या, "तर त्याची काही तक्रार नाही असं धरून आरोपीला सोडण्यात येईल. खटला पुन्हा उघडणार नाही."

"मग आजच करा मॅडम, मी थांबते. तारीख कदीची हाय?"

तारीख गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली होती.